पायापुढचा अँप

पंढरीला पाठीमागं उभं काही चालत न्हाई. किल्लारीकडच्या भूकंपात पाठीमागची भिंत अंगावर आली, बाप गेला, हा ढिगाऱ्यातून जिता निघाला. तवापासून बसला तरी मान वळवून बघणार, उठणार, जागा बदलणार. पाच वर्षं झाली, खोड तीच. दिवसा लातुरात एका ट्यूशनवाल्याकडं माईक सांभाळायचा. पाचशे पोरं, एक मास्तर, आन शेवटच्या बाकाला आवाज गेला न्हाई की पंढरीच्या नावानं शिमगा. बाकी वेळ शेषेरावच्या भीमगीतांच्या पार्टीत गिटार.

गिटारचा आवाज ज्यातून निघतो तो अँप म्हंजे कमरेएवढा खोका. ठेवतात वाजवणाऱ्याच्या पाठीमागंच. पंढरी त्याच्यापासून सरकत सरकत पार गाणाऱ्याच्या अंगावर यायचा. शेषेराव वैतागला.

"पंढ्या, रेणापूरच्या जयंतीला एका जागी उभा ऱ्हा. न्हाईतर तुझ्या जागी क्यासिओवाला बघून ठेवलाय म्या."

मग पंढरीनं अँपच आडवा केला. खोक्यातलं सामान काढून पत्र्याच्या चपट्या डब्यात बसवलं, डबा पायापुढं ठेवायचा. आवाज थेट मांडवाच्या भोंग्याला. अलीकडच्या कडेला पायानं दाबायची चार बटनं: साधा आवाज, खरखरीत, घुमणारा आन मोठा. पलीकडं फिरवायच्या गुंड्या. बूट शेजारच्या बटनावर पडू नये म्हणून मधी वीतवीत जागा. महिनाभर बूट घालून घरात धपधप.

बायको मनिषा म्हणाली, "गिटार वाजवून राहिलात का चिखल तुडवून?"

जयंतीला स्टेजवर बुद्धाचा आन बाबासाहेबांचा फोटो. पायातलं सगळ्यांनी खालीच काढलं, पंढरीनंबी. दरसाल काढतो, त्यात इचार कसला? पहिल्याच गाण्याला अंगठ्यानं मोठ्याचं बटन दाबलं, तवा डोक्यात उजेड पडला. बटन बुटाच्या हिशेबानं कडक. अंगठा घसरून पुढच्या गुंडीवर गेला आन गिटार मुकी. शेषेरावनं गाता गाता असं बघितलं की क्यासिओवाला डोळ्यातच दिसला.

टाचेनं दाबावं, तर चवडा गुंड्यांवर पडतो. कोरस चालू होता तवर पंढरी वाकला, गुंडी जागेवर आणली, डबा फिरवला. गुंड्या आपल्याकडं, बटनं लोकांकडं. आता टाच बटनावर आन बोटं डब्याच्या भाईर. पण डावं उजवं झालं. दर वेळी उलटं मोजायचं. एकदा साध्याच्या जागी मोठा लागला, पोरांनी शिट्ट्या हाणल्या. घाम कानावरून गळून राहिला, तरी गडी जागचा हलला न्हाई. हलायला सवड कुठं? सगळा जीव टाचेत.

परतताना जीपमधी शेषेराव म्हणाला, "दोनचार जागी चुकलास. पण उभा ऱ्हायलास की रं! क्यासिओ राहू दे. उद्या औशाला चल."

"उद्या न्हाई जमायचं, दादा. बटनं उलटी बसवायचीत. स्प्रिंगाबी मऊ पाह्यजेत."

"आरं, आत्ता ठेवलं तुला, आन आत्ताच खाडा मागून राहिलास?"

पंढरीनं ऐकलं का न्हाई, कुणास ठाऊक. डबा मांडीवर उपडा करून चाराण्याच्या नाण्यानं स्क्रू ढिले करून राहिला होता.