मधला त्रिकोण

मांडवीच्या वाटेवरच्या फोटो स्टुडिओत मी शाळेचे फोटो द्यायला जायची. तिथल्या कॉम्प्युटरवाल्याचं बोलणं तुटक, नजर सदा पडद्यावर. फ्रेमसाठी आलेल्या फोटोतला वारलेला माणूस तो न विचारताच गोरा करायचा. मी टोकलं तर म्हणायचा, "लोकांना तसाच हवा असतो, बाई."

माझे धाकटे दीर अचानक गेले. बाराव्याला लावण्याजोगा त्यांचा एकच फोटो सापडला. आंब्याच्या कलमाखाली उभे, चेहऱ्यावर दाट सावली. जावेला घेऊन मी स्टुडिओत गेले. त्याने फोटो स्कॅन केला, उजेड कमी-जास्त करायची लेव्हल्सची चौकट उघडली आणि तिच्या पट्टीवरचा मधला त्रिकोण डावीकडे सरकवला. सावलीतून डोळे वर आले, मिशी आली. तो सरकवतच राहिला.

"हा कोण मुंबईचा साहेब?" जाऊ कडाडली. "आमचे हे असे नव्हते हो!"

आता हा वाद घालणार, असं मला वाटलं.

"वहिनी, तुम्ही थांब म्हणा," एवढंच तो म्हणाला आणि त्रिकोण सावकाश मागे नेऊ लागला. चेहरा सावळा होत गेला.

"थांबा. हेच."

ती हुंदके देऊ लागली. त्याने मागे वळून पाहिलं नाही. तिचं रडणं आवरेपर्यंत त्याने माउसवरचा हात हलवला नाही.