दिवा विझल्यावर जोडायचं

हमा शहरात कुणाच्या विजेवरच्या बाइकची बॅटरी तापली, की तो ऐहमकडे येतो. ऐहम स्वतः मात्र पायी फिरतो. त्याच्या बाइकच्या दोन्ही बॅटऱ्या खाला विसालच्या घरी आहेत. एक तिच्या जिन्यात असते, दुसरी गच्चीवर सौर पट्ट्यांखाली भरत असते. रोज दुपारी चारला तो त्यांची अदलाबदल करतो. दोन वर्षं झाली. एक दिवसही चुकलेला नाही.

खाला विसाल, सगळ्यांची मावशी, आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई. आता तिला शिवणं जमत नाही. फुप्फुसं थकलीत. नाकात नळी असते आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला प्राणवायूचं यंत्र. मुली स्वीडनला. गल्लीतला जनरेटर दुपारी बाराला बंद होतो, तो रात्री आठला सुरू होतो. सरकारी वीज येते तेव्हा येते, तिचा भरवसा कुणी धरत नाही. मधले आठ तास यंत्र बॅटरीवर चालतं. पहिली बॅटरी चारपर्यंत पुरते, मग दुसरी.

बदलताना यंत्र बंद करावं लागतं. डॉक्टर म्हणाले होते, दोन मिनिटं ती काढेल, पाच नाही. ती दोन मिनिटं खाला डोळे मिटून पलंगाच्या कडेला बसते आणि बोटांवर मोजते. बोलत नाही. एरवी ती कधीच गप्प नसते.

ऐहमचं दुकान बाब किबलीच्या उतारावर आहे. दुकान म्हणजे एक शटर आणि एक टेबल. मी साहित्यात पदवी घेतली, नोकरी मिळाली नाही, शिकवण्या करतो. दुपार तिथेच घालवायचो. मत्तेच्या कडू काढ्याचा पेला आणि तो ओढायची नळी आम्हा दोघांत एकच.

तो गिऱ्हाइकांवर ओरडायचा.

"हे काय आणलंस? प्लग काळा पडलाय."

"थोडा सैल बसतो, उस्ताद. पण चालते गाडी."

"दात हलत असला तरी जेवतोसच की. सैल प्लग तापतो. तापला की वितळतो. वितळला की मग तू माझ्याकडे येत नाहीस, अग्निशामकवाल्यांकडे जातोस. आणि ही वायर कुठली? दोरी बरी हिच्यापेक्षा."

"माझ्या मेहुण्याने टाकली."

"मेहुण्याशी भांडण आहे का तुझं?"

मग तो प्लग कापायचा, नवा बसवायचा, आणि जाताना प्रत्येकाला तेच सांगायचा. आधी सगळं बंद कर. मग जोड. आत खटका वाजेपर्यंत दाब. दहा मिनिटांनी हात लावून बघ. गरम लागलं तर परत ये.

त्याच्याकडे ट्रकचा एक जुना दिवा होता. दोन वायरी लावलेला. बॅटरी थेट जोडली की इन्व्हर्टर रिकाम्या पोटी तिच्यावर तुटून पडतो आणि प्लगच्या तोंडाशी ठिणगी उडते. म्हणून आधी मधे दिवा धरायचा. इन्व्हर्टर बंद असेल तर दिवा एकदा भक्कन पेटतो, मग मंद होत होत विझतो. विझला, म्हणजे इन्व्हर्टरचं पोट भरलं. आता प्लग दाबायचा. ठिणगी उडत नाही.

"आणि पेटलेलाच राहिला तर?" मी एकदा विचारलं होतं.

"तर कुणीतरी बटण चालू ठेवलंय. या गावात दुसरं काय असणार?"

ते खरं आहे. आमच्याकडे बटण कुणी बंद करत नाही. वीज कधी येईल आणि किती वेळ राहील, सांगता येत नाही. म्हणून पंखा, पंप, धुलाईयंत्र, सगळं चालू करून ठेवतात. आली की आपोआप सुरू व्हावं. आम्ही चालू बटणांच्या घरांत वाढलो. बंद करायला बोट वळत नाही.

ऐहमचंही वळलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यानेच खालाकडे हे सगळं बसवलं. तेव्हा इन्व्हर्टर पलंगाशेजारी होता. दिवा वगैरे काही नव्हतं. बटण चालू राहिलं, त्याने प्लग लावला आणि ठिणगी उडाली. प्राणवायूची नळी उशीवर पडलेली होती. प्राणवायू मुरलेली उशी भसकन पेटली. त्याने ती हातांनीच उचलून मोरीत फेकली. खालाच्या डोक्यावरच्या रुमालाची कड जळली. बाकी काही झालं नाही. तळहातावरचे डाग त्याने मला एकदाच दाखवले.

दुसऱ्या दिवशी त्याने इन्व्हर्टर बाहेर जिन्यात नेला, केबल भिंतीवरून घेतली, दिवा बनवला. तेव्हापासून ती जोडणी दुसऱ्या कुणाला करू दिली नाही.

मग सरहद्दीपलीकडच्या अम्मानहून पत्र आलं. तिथल्या एका मोठ्या कार्यशाळेला बॅटऱ्या बांधणारा हवा होता. प्रवेशाचा परवाना गुरुवारपर्यंतचा. त्याने ते पत्र तीन आठवडे खिशात ठेवलं. मला खालाने सांगितलं, कारण ते त्याने तिला वाचून दाखवलं होतं.

"जा म्हणते मी ह्याला," ती म्हणाली. "पस्तिशीला आलाय. लग्न नाही, बाइक आहे ती लंगडी. माझ्या जिन्यात म्हातारा होणार का हा?"

"खाला, चार वाजता कोण येणार?"

"चार वाजता सूर्य पण असतो आणि अबू नबहान पण असतो. त्याला शिकव."

अबू नबहान म्हणजे खालच्या मजल्यावरचा न्हावी. ऐहमने त्याला जिन्यात बसवलं. अबू नबहानने दिवा धरला, तो भक्कन पेटला, आणि त्याने तो थेट तीन पायऱ्या खाली फेकला.

"काचेचा होता!" ऐहम ओरडला.

"माझे डोळे पण काचेचेच आहेत! गळ्यावर वस्तरा फिरवतो मी, भीती नाही वाटत. पण हे काही आपल्याला सांगून पेटत नाही."

मग ऐहम माझ्याकडे वळला.

"कविराज, तुझा हात थरथरतो का?"

"नाही."

"तुझ्या हातून कधी काही जळलंय?"

"भात."

"ठीक आहे. ये."

सतरा दिवस मी रोज चारला गेलो. आधी इन्व्हर्टरचं बटण बंद. ते बोटाने नुसतं दाबायचं नाही, डोळ्यांनी बघायचं. जुनी बॅटरी काढायची. नवीला दिवा लावायचा. पेटतो, विझतो. प्लग, खटका. दिवा काढायचा. बटण चालू. आतून यंत्राचा सुस्कारा ऐकू आला, की झालं. पहिल्या दिवशी मला तीन मिनिटं लागली. खाला निळसर झाली होती. नळी लागल्यावर दम घेऊन म्हणाली, "वृत्ताच्या मात्रा मोजत होतास का?" नवव्या दिवसापासून मी दीड मिनिटात करू लागलो. ऐहम शेजारी उभा राहायचा, हात पाठीमागे बांधून. नंतर तो एक मजला खाली उभा राहू लागला. शेवटचे तीन दिवस गल्लीत.

बुधवारी तो निघाला. बस साडेचारची होती. मी म्हणालो, आज चारला इथेच थांब, उद्या जा. तो म्हणाला, उद्या गुरुवार, सरहद्दीवर उद्या सकाळी पोचायला हवं. खालाने वांग्याच्या भरताचं बातर्श केलं होतं, पलंगावर बसून, वांगी स्वतः सोलून. त्याने दोन वेळा वाढून घेतलं. तिने त्याला डोकं खाली कर म्हटलं आणि कपाळाचा मुका घेतला.

"पोहोचलास की फोन कर. आणि बायको बघ. बॅटरी नको बघू."

तीन वाजता तो बॅग घेऊन उतरला.

चारला मी बदलली. बटण बंद केलं, डोळ्यांनी बघितलं. दिवा पेटला, विझला. खटका वाजला. यंत्राने सुस्कारा टाकला. एक मिनिट वीस सेकंद. मग मी दहा मिनिटं तिथेच बसलो आणि प्लगला हात लावला. गार होता. ऐहमचा फोन आला. बसस्थानकावरचा गोंगाट ऐकू येत होता.

"झालं?"

"झालं. गार आहे."

"बटण बघितलंस?"

"बघितलं."

"खटका?"

"वाजला, ऐहम. बस लागली का?"

"लागलीय," तो म्हणाला. "बॅग वर टाकतायत."

मी फोन ठेवला, खालाला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "चहा ठेव. साखर जास्त. आज मला चालते."

पाचला दहा मिनिटं असताना जिन्यात पावलं वाजली. मी बाहेर आलो. ऐहम वाकला होता. बॅग पायरीवर आडवी. त्याने बोटं प्लगवर ठेवली होती आणि तशीच ठेवून तो बसला होता.

"काय झालं?" मी विचारलं. "काही विसरलास?"

"नाही."

"मग?"

"गार आहे," तो म्हणाला.

"मी सांगितलं होतं ना!"

"सांगितलं होतंस. मी मानलं पण होतं. बॅग वर गेली, मी बसच्या पायरीवर पाय ठेवला. मग बॅग खाली मागितली."

"पण का?"

तो फक्त प्लगकडे बघत होता. जोडणी नीट होती. सैल नव्हती, तापली नव्हती, ठिणगी उडाली नव्हती. मी काही चुकवलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"कोण आहे?" आतून खाला ओरडली.

ऐहम आत गेला. खालाच्या हातात पेला होता. तिने आधी त्याच्याकडे बघितलं, मग बॅगकडे.

"बस चुकली?"

"गेली."

"वायर तापली होती?"

"नाही, खाला."

ती टोमणा मारेल म्हणून मी वाट बघत होतो. तिने पेला खाली ठेवला.

"जेवलास का?" तिने विचारलं.

"तुमच्याकडेच तर जेवलो."

"हो. खरंच की."

तो गच्चीवर गेला, बॅटरी सौर पट्ट्यांना लावायला. ते मी आधीच केलं होतं. तो तरी गेला. मी पेले उचलू लागलो. खालाने माझं मनगट धरलं. तिच्या हातात अजून कात्रीची ताकद आहे.

"मी रोज देवाला सांगते, ने मला, म्हणजे हा पोरगा सुटेल," ती म्हणाली. "आता तेही सांगता येत नाही. मी गेले, तर त्याला वाटेल प्लग सैल होता."

ती हात सोडत नव्हती. वर गच्चीत तो काहीतरी तपासत होता, ते ऐकू येत होतं.