वादळाचा डोळा आणि नृसिंह मास्तर

मंगळवार पेठेत नृसिंह मास्तर समोरून आले की लोक बोळात वळायचे. माणूस वाईट नव्हता, पण गाठ पडली की त्यांचं वादळपुराण सुरू. समुद्रावरचं वादळ आपल्याकडं घड्याळाच्या काट्यांच्या उलटंच फिरतं. वाऱ्यापेक्षा चढलेल्या पाण्यानं जास्त माणसं मरतात. पाखरं मधल्या शांत जागेत अडकतात आणि वादळाबरोबर शेकडो मैल जातात. दूध घालणारी झुंबरबाई एकदा वैतागली. "मास्तर, हितनं समुद्र दिसतोय व्हय? भांडं आणा की आधी!" मास्तरांनी भांडं आणलं आणि पाखरांचं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

मी त्यांचा शेजारी आणि एके काळचा विद्यार्थी. कंटाळा मलाही यायचा, खोटं कशाला बोलू? आणि मला तर कारण ठाऊक होतं.

मास्तरांना एकच मुलगी, नंदिनी. बायको लवकर गेली, मग बापलेक दोघंच. उन्हाळ्यात ती दोघं गावी, कोडोलीला जात. तिथली रीत अशी, की वळिवात पडलेला आंबा वेचेल त्याचा, झाड कुणाचंही असो. वारा पडला की मास्तर ओरडायचे, "पळ नंदे, संपलं वादळ!" आणि नंदी पाटी घेऊन सगळ्यांच्या पुढं. आमच्या देशावर ते खरंही असतं. वारा पडला की संपलं.

पुढं तिला किनाऱ्यावर दिली. अठ्ठेचाळीसच्या नोव्हेंबरात तिकडं मोठं वादळ झालं. भर दुपारी वारा एकदम थांबला, ऊनसुद्धा पडलं. पडलेले नारळ वेचायला नंदिनी बाहेर पळाली. अर्ध्या तासात वारा परत आला, तोही उलट बाजूनं, आणि माड तिच्या अंगावर कोसळला. त्या शांततेला वादळाचा डोळा म्हणतात. भूगोल शिकवणाऱ्या मास्तरांना तेव्हा ते ठाऊक नव्हतं, शाळेच्या पुस्तकात ते नव्हतंच. नंतर त्यांनी वाचनालय पालथं घातलं.

जावयाला, वसंतरावांना, त्यांनी तीन पत्रं लिहिली. तिन्हींत एकच प्रश्न: ती बाहेर का गेली? उत्तर आलं नाही. आपण शिकवलं म्हणून पोर गेली का, एवढंच त्यांना हवं होतं. मी म्हणायचो, "सोडा मास्तर, नशीब एकेकाचं."

"नशिबाला विचारता येत नाही रे," ते म्हणायचे. "वसंतरावांना येईल."

छप्पन साली वसंतराव कामानिमित्त कोल्हापुरात आले. मास्तरांनी मला बोलावून घेतलं, एकट्याला धीर होत नव्हता. चहा झाला आणि त्यांनी विचारलं.

वसंतराव खाली बघत म्हणाले, "माझी आई तिला अडवत होती. सांगत होती, वारा परत येतो. पण ही म्हणाली, माझे अप्पा भूगोलाचे मास्तर आहेत, मला कळतं."

मला त्या माणसाचा संताप आला. आठ वर्षं गप्प बसला होता, तसाच जन्मभर बसला असता तर काय बिघडलं असतं?

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हसून म्हणाली का?"

"हो. हसूनच."

"तशीच बोलायची ती," म्हणून मास्तर उठले, आत गेले आणि दार लावून घेतलं. वसंतरावांची गाडी चुकली तरी ते बाहेर आले नाहीत. मीही दार वाजवलं नाही.