पाऊस आला की पडणारा स्विच

तिसऱ्यांदा स्विच वर केला आणि तिसऱ्यांदा तो माझ्या बोटाखालून खटकन पडला. घरभर काळोख. दुपारचे दोन वाजले होते, पण कात्रपमध्ये असा पाऊस कोसळत होता की समोरची बिल्डिंग दिसत नव्हती.

"काका, होईल ना?" ज्योत्स्नाने मोबाईलची बॅटरी माझ्या हातावर धरत विचारलं.

"होईल म्हणजे? म्हात्रे काय चहा प्यायला आलाय?"

मी बाळाराम म्हात्रे, खरवईचा. चाळीस वर्षं वायरमनकी केली. वय बासष्ट, लायसन्स चालू, आणि शिडीवर अजून माझ्यासारखा कोणी चढून दाखवावा. स्वभाव जरा तापट आहे. बायको म्हणते, माझ्यातच अर्थिंग नाही.

तर तो पडणारा स्विच. त्याला आम्ही ईएलसीबी म्हणतो. घरात जितका करंट आत जातो तितकाच परत यायला हवा, एवढाच त्याचा हिशोब. थोडा जरी दुसऱ्या वाटेने जमिनीत गेला, म्हणजे भिंतीतून, गिझरमधून किंवा एखाद्या माणसाच्या अंगातून, तर हा पठ्ठ्या क्षणात सगळं बंद करतो. माणूस वाचतो. त्याच्यावर चिडायचं नसतं. पण त्या दिवशी मी जाम चिडलो होतो.

कारण घाई होती. ज्योत्स्ना गायकवाड ही कंपनीचं काम घरून करणारी कॉम्प्युटरवाली. तिची आत्या नदीकाठच्या चाळीत राहते. मागच्या पुरात त्या चाळीला पाणी घरात शिरल्यावर कळलं होतं. मग ज्योत्स्नाने दोन मैत्रिणींना घेऊन पुलाच्या कठड्याला एक डबी बसवली. ती डबी पाणी किती खाली आहे ते मोजते आणि ज्योत्स्नाच्या घरातल्या सर्व्हरला कळवते. पाणी ठरलेल्या खुणेला लागलं की सर्व्हर चाळीतल्या सगळ्या घरांना एकदम फोन लावतो. आपल्या माणसांसाठी, फुकट. मला तर ऐकूनच पोरीचा अभिमान वाटला.

सर्व्हर म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, कधीही बंद न होणारा कॉम्प्युटर. हा उल्हासनगरच्या भंगार बाजारातून आणलेला, एखाद्या कंपनीने टाकून दिलेला. लांबलचक लोखंडी डबा, चालू असला की पिठाच्या गिरणीसारखा आवाज. आणि आता सकाळपासून बंद. घरातली लाईटच उभी राहत नव्हती, त्यामुळे इंटरनेटही मेलेलं. बॅटरी बॅकअप होता, तो वीस मिनिटांत संपला.

"लॅपटॉपवर नाही होत का?" मी विचारलं.

"सगळं हलवायला अर्धा दिवस जाईल, काका. आणि पुलाकडचा रस्ता पोलिसांनी बंद केलाय. कोणाला बघायलाही पाठवता येत नाही."

"मग आत्याला सांग, उचल बिऱ्हाड म्हणून."

तिने माझ्यासमोरच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडून आत्याचा ठणठणीत आवाज आला, "अगं, तुझा तो फोन वाजला नाही ना अजून? मग पाणी खालीच असणार. उगाच कशाला सामान वर चढवू? आमची अख्खी चाळ निवांत आहे."

सर्व्हर बंद आहे हे ज्योत्स्ना सांगेपर्यंत आत्याने फोन ठेवलाही, आणि बाकी चाळीचे नंबर त्या बंद सर्व्हरमध्येच. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "ऐकलंत? आधी हे लोक निदान दारात उभं राहून नदी बघायचे. आता माझ्या फोनच्या भरवशावर झोपतात."

कामाची घाई मी खूप बघितली, पण अशी नाही.

सोफ्यावर तिचे सासरे बसले होते. गायकवाड, शहाडच्या एका कारखान्यात तीस वर्षं फिटर. कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, "पहिल्या मजल्यावरच्या नाथानींकडून एक वायर घेऊ म्हटलं, तर म्हणाले, 'भाईसाब, ये मशीन हमारा भी मीटर जला देगा.' सगळी बिल्डिंग म्हणते, सर्व्हर लोड खातो म्हणून स्विच पडतो."

"खातो किती ते मी मोजलंय," मी म्हणालो. मे महिन्यात मी इथे एसी बसवायला आलो होतो, तेव्हा हौसेने क्लॅम्प मीटर लावून बघितलं होतं. हे मीटर वायरभोवती चिमट्यासारखं धरायचं, करंट दाखवतं. सर्व्हर तीनशे वॅटच्या आसपास खात होता. म्हणजे चार पंखे. तुमचा गिझर दोन हजार वॅटचा, पण तो अर्धा तास चालतो आणि एक युनिट घेतो. सर्व्हर चार पंख्यांएवढाच, पण चोवीस तास. दिवसाला सात युनिट! संथ खाणारा पण पंगतीतून न उठणारा पाहुणा. बिल वाढवेल, पण स्विच पाडणार नाही.

आधी सर्व्हरची पिन काढली. स्विच वर केला. खटक, पडला.

"बघा! सर्व्हर निर्दोष!" मी ओरडलोच. इतक्या दिवसांत ही साधी गोष्ट कोणी करून पाहिली नव्हती. सर्व्हर बंद करायचा नसतो ना, म्हणून त्याची पिन काढायची कोणाची छाती झाली नाही.

मग फ्रिज काढला. पडला. गिझर, एसी, वॉशिंग मशीन, सगळं काढलं. पडला. मग प्रत्येक खोलीचा छोटा स्विच खाली पाडला. आता घरात काहीही चालू नाही, एक बल्बसुद्धा नाही. ईएलसीबी वर केला.

खटक.

मी डोकं खाजवलं. खायलाच कोणी नाही आणि ताट रिकामं! घोडं कुठे पेंड खातंय तेच कळेना.

"ईएलसीबीच खराब," मी जाहीर केलं. बॅगेत नवा होता. वीस मिनिटं घालवून तो बसवला. घामाने सदरा अंगाला चिकटला. स्विच वर केला. नव्या कोऱ्या आवाजात, खटक.

तीन वाजून गेले होते. ज्योत्स्ना खिडकीत उभी राहून आत्याला परत परत फोन लावत होती आणि आत्या आता उचलतही नव्हती.

गायकवाड हळूच म्हणाले, "म्हात्रे, तात्पुरता तो स्विच बायपास करा की. वायर डायरेक्ट."

खरं सांगतो, हात त्या वायरीकडे गेला होता. एक मिनिटाचं काम. सर्व्हर धडधडत चालू झाला असता, म्हात्रे हिरो. पण त्या पोरीचा हात रोज त्या लोखंडी डब्याला लागतो. मी म्हणालो, "नाही. तो पडतोय म्हणजे काहीतरी ओरडून सांगतोय. त्याचं तोंड दाबणार नाही मी."

"मग भिंतीतले बोर्ड उघडा."

आता मात्र माझं टाळकं सरकलं. "गायकवाड, ही बिल्डिंग कोणी वायर केली माहितीये? मी! बिल्डिंगचं प्लॅस्टर ओलं होतं तेव्हा. माझ्या हातची वायरिंग आहे, तिच्यात काय बघायचं?"

तेवढ्यात ज्योत्स्ना वळली आणि म्हणाली, "काका, एक सांगू? उन्हाळ्यात एकदाही पडला नाही. जूनपासून पाऊस आला की पडतो. पाऊस जितका जोरात, तितका लवकर. दोन दिवस उघडीप होती, तेव्हा गपगुमान चालला."

पाऊस. म्हणजे ओल. म्हणजे माती.

"अर्थिंग!" मी मांडीवर हात मारला. "या घरात अर्थिंग कोणी केली?"

"मी," गायकवाड म्हणाले. "मार्चमध्ये, या सर्व्हरसाठी. गॅलरीखाली खड्डा, कोळसा, मीठ, तांब्याची पट्टी. कारखान्यात मशीनला अर्थ नसेल तर आम्ही हात लावायचो नाही. तिथून वायर आणून सर्व्हरच्या सॉकेटला जोडली."

अर्थिंग म्हणजे जमिनीकडे जाणारी चोरवाट. डब्यात करंट उतरला तर माणसाऐवजी त्या वाटेने जावा म्हणून. कोरड्या मातीत ती वाट अरुंद असते, ओल्या मातीत ती रुंद होते.

मला बळीचा बकरा मिळाला. मी त्यांच्यावर असा तुटून पडलो की आज आठवून लाज वाटते. "फिटरने फिटरचं काम करावं! लाईटीत हात घालायला कोणी सांगितलं? तुमच्या खड्ड्यापायी तिकडे चाळ बुडायची वेळ आली! आता तुमची वायर काढून फेकतो, मग बघा."

ते नुसता चष्मा काढून पुसत राहिले.

मी मेन बंद केला, सर्व्हरच्या सॉकेटचे दोन स्क्रू काढले आणि प्लेट पुढे ओढली.

गायकवाडांची हिरवी वायर दिसली. नीट सोललेली, घट्ट बसवलेली, टोकाला लग, म्हणजे तांब्याची टोपी, लावलेली. फिटरचं काम, एक नंबर. आणि तिच्या शेजारी, त्याच अर्थच्या पिनेपासून न्यूट्रलच्या, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीच्या पिनेपर्यंत, बोटभर काळ्या वायरीचा तुकडा. टोकाला तीन पीळ आणि पिळाची शेंडी उलटी दुमडलेली.

असे तीन पीळ आणि उलटी शेंडी या तालुक्यात एकच माणूस घालतो. माझ्या उस्तादाने मला तसं शिकवलं होतं.

सगळं आठवलं. बिल्डर म्हणाला होता, अर्थची तिसरी वायर टाकायची नाही, खर्च वाढतो. पण तपासणीत टेस्ट लॅम्प लावतात, तो पेटला पाहिजे. मग आम्ही काय करायचो? सॉकेटच्या आतच न्यूट्रलपासून अर्थला एक तुकडा मारायचो. याला जम्पर म्हणतात. लॅम्प मस्त पेटतो, अर्थ मात्र कुठेच नसते. तेव्हा सगळे असंच करायचे. मी तर दिवसाला तीस जम्पर मारायचो आणि हात किती चालतो म्हणून शाबासकी घ्यायचो.

इतकी वर्षं तो जम्पर झोपून होता. मग एका प्रामाणिक माणसाने खरी अर्थिंग आणून तिथे जोडली. घरातल्या न्यूट्रलला जमिनीची वाट मिळाली. न्यूट्रल सगळ्या बिल्डिंगची एकत्र, त्यामुळे शेजाऱ्यांचा करंटही थोडा थोडा त्या वाटेने निघाला. माती कोरडी होती तोवर ते भागलं. पाऊस पडला, माती भिजली, आणि ईएलसीबी बोंबलायला लागला. छोटे स्विच पाडून उपयोग नव्हता, कारण ते फक्त फेज, म्हणजे करंट आणणारी वायर तोडतात, न्यूट्रल तशीच जोडलेली राहते. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आणि दुसरी गोष्ट आठवून तर पाचावर धारण बसली. गायकवाडांची वायर यायच्या आधी त्या सॉकेटची न्यूट्रल मागे कुठे तुटली असती, तर त्या जम्परमधून अख्खा करंट लोखंडी डब्यात उतरला असता.

पक्कड घेतली आणि जम्पर कापला.

"ज्योत्स्ना, स्विच वर कर."

तिने केला. मी कान टवकारले. काही नाही. पंखा फिरायला लागला. फ्रिज घुरघुरला. स्विच उभा, ताठ, शिपायासारखा!

"उभा राहिला! काका, उभा राहिला!" ती नाचायलाच लागली. तिने सर्व्हरचं बटण दाबलं आणि ती गिरणी सुरू झाली. इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. पण हे जुने सर्व्हर उठायला वेळ घेतात. पाच मिनिटं. सहा. आम्ही तिघं डब्यावरच्या हिरव्या दिव्याकडे डोळे लावून उभे. सातव्या मिनिटाला स्क्रीनवर आकडा आला आणि ज्योत्स्ना किंचाळली, "खुणेच्या वर गेलंय!"

त्याच क्षणी तिचा फोन वाजला. मग गायकवाडांचा. यादीत त्यांचेही नंबर होते. तिकडे चाळभर असेच फोन वाजत असणार. दोन मिनिटांत आत्याचा फोन, मागे नुसता गलका. "वाजला गं बाई, वाजला! निघालो आम्ही, शाळेच्या वरच्या मजल्यावर!"

संध्याकाळी चाळीत कमरेएवढं पाणी होतं. भांडी गेली, गाद्या गेल्या. माणूस एकही आत नव्हता.

चहा आला तेव्हा मी कापलेला जम्पर टेबलावर ठेवला. "गायकवाड, हा माझा. तुमची अर्थिंग चांगली होती, म्हणून माझी चोरी पकडली गेली. मघाशी बोललो त्याबद्दल माफ करा."

त्यांनी तुकडा उचलला, पीळ निरखले. म्हणाले, "काम सफाईदार आहे."

एवढंच. त्यापेक्षा दोन मुस्काटात मारल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढच्या महिन्यात ज्योत्स्नाने ती डबी आणि फोनचं काम तळहाताएवढ्या कॉम्प्युटरवर हलवलं. तो दहा वॅट खातो, लाईट गेली तर बॅटरीवर दिवसभर तगतो. गिरणी आता फक्त हवी तेव्हा चालू होते. नाथानींनी येऊन तो छोटा डबा हातात धरून बघितला आणि म्हणाले, "बस, इतना सा?"

मी मात्र त्या बिल्डिंगचे सोळाच्या सोळा फ्लॅट पुन्हा उघडतोय. दार वाजवतो आणि सांगतो, "तुमच्या भिंतीत मी एक चूक ठेवली होती, ती न्यायला आलोय." प्रत्येक जम्पर काढायचा, अर्थची खरी वायर टाकायची. गायकवाड टेस्टर घेऊन मागे असतात. मी प्लेट बसवली की ते म्हणतात, "थांबा," आणि प्लेट पुन्हा उघडून बघतात.

परवा अकरावा फ्लॅट झाला. मी म्हटलं, "आता तरी विश्वास ठेवा की!"

"ठेवलाय," ते स्क्रू फिरवत म्हणाले. "म्हणूनच उघडून बघतो."