तेरा नंबरची जर्सी

अभिमन्यू राखुंडे कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आला तो उंचीमुळे आणि टिकला तो स्वभावामुळे. खेळाचा संबंध दोन्ही वेळेला आलाच नाही. पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या रांगेत म्हेत्रे सरांना त्याचं डोकं बाकीच्यांच्या वर दिसलं आणि त्यांनी त्याला तिथूनच दंडाला धरून मैदानावर नेलं. उंच पोरगा म्हणजे आपला माल, एवढं सरळ त्यांचं गणित. आठवडाभरात कळलं की पोराला उंची देवाने दिली, पण चेंडू हातात आला की तो तापलेला तवा धरल्यासारखा धरतो. तोवर ट्रॅकसूट वाटून झाले होते. दिलेला ट्रॅकसूट परत कसा मागायचा, या भिडेपोटी अभिमन्यू संघात राहिला.

आता तो शेवटच्या वर्षाला होता आणि अजून एकाही सामन्यात मैदानावर उतरला नव्हता. बाकावर बसणारा नुसता बसतो असं लोकांना वाटतं. बसून दाखवा म्हणावं. बाटल्या भरायच्या, खेळणाऱ्यांचे मोबाईल आणि गळ्यातल्या चेनी सांभाळायच्या, सिमेंटच्या कोर्टवर धूळ आली की पोतेरं मारायचं, घामेजलेल्या माणसाला टॉवेल द्यायचा आणि तोच ओला टॉवेल परत आपल्या मांडीवर ठेवायचा. टाइमआउट झाला की सरांभोवतीच्या कड्यात उभं राहायचं आणि यातलं काहीही आपल्यासाठी नाही हे पक्कं ठाऊक असताना मान डोलवायची. सामन्यानंतर जर्सी धुणंही त्याच्याकडेच आलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. एकदा त्याने आपणहून सगळ्यांच्या धुतल्या, हॉस्टेलच्या गच्चीवर वाळत घातल्या, आणि पुढच्या वेळी सगळ्यांनी आपापली जर्सी त्याच्या खोलीच्या दारात आणून टाकली.

वाट बघायची सवय त्याला लहानपणापासून होती. करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्याकाठी त्यांची केळीची बाग. पाणी मागे सरेल तशी मोटर पुढे न्यायची, पाइप जोडायचे आणि वीज येईपर्यंत तिथं बसायचं. वडील, जोतीराम, पाइप जोडून घरी जात आणि बसायला अभिमन्यूला ठेवत. वीज आली की बटण दाबायचं, एवढंच काम. पण वीज कधीतरी यायचीच. म्हेत्रे सरांचं तसं नव्हतं.

यातलं गावाला काहीच माहीत नव्हतं, कारण गावात फ्लेक्स लागला होता. निवड झाली म्हटल्यावर फ्लेक्स लागणारच. आपल्याकडे पोरगं दहावी पास झालं तरी लागतो. ‘कॉलेजच्या बास्केटबॉल संघात निवड झाल्याबद्दल चि. अभिमन्यू जोतीराम राखुंडे यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ व मित्रपरिवार.’ खाली शुभेच्छुकांचे एवढाले चेहरे आणि मधोमध तेरा नंबरची जर्सी घातलेला, चेंडू उंच धरलेला अभिमन्यू. एसटीच्या थांब्यावर ऊन खाऊन त्यातला निळा रंग उडाला, शुभेच्छुकांपैकी एक जण वारलासुद्धा, तरी जोतीराम तो काढू देत नव्हते. वाऱ्याने कोपरा सुटला की स्वतः तार घेऊन जात आणि बांधून येत. सुट्टीला गेलं की लोक विचारायचे, “काय खेळाडू, किती गोल मारले?” अभिमन्यू म्हणायचा, “मारतोय की.” पहिल्यांदा हे खोटं बोलताना त्याने मान खाली घातली होती. पुढे पुढे मान वर ठेवूनच बोलता यायला लागलं, आणि त्याचंच त्याला जास्त वाईट वाटायचं.

या वर्षी संघ अंतिम फेरीत गेला. सामना सोलापुरातच, त्यांच्याच मैदानावर. गावातल्या कुणीतरी मोबाईलवर ते वाचलं आणि जोतीरामांचा फोन आला.

“फायनलला येतोय मी,” ते म्हणाले. “लई दिवस म्हणतोय, तुजा ख्योळ बघायचाय.”

“कशाला आप्पा? ऊन लई हाय हितं. केळी कापायला आल्यात नव्हं?”

“केळी काय पळून जात्यात व्हय? तुजा नंबर तेराच हाय ना आजून?”

“व्हय,” अभिमन्यू म्हणाला.

त्याच संध्याकाळी तो म्हेत्रे सरांच्या स्टाफरूमबाहेर जाऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याने सरांकडे काही मागितलं नव्हतं, त्यामुळे मागायचं कसं तेच त्याला येत नव्हतं. “सर, वडील येणारेत. दोन मिनिटं घ्या मला. चेंडू नाही दिला तरी चालेल. नुसता पळतो.”

सर काही दगडाचे नव्हते. त्यांनी मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं. “तिसऱ्या क्वार्टरला घेतो. दोन मिनिटं. नक्की.”

अभिमन्यूला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी त्याने एक गोष्ट केली, जी त्याने आजवर केली नव्हती. मैदानावर जाताना त्याने किटबॅग उचलली नाही. वडिलांनी आपल्याला हमालासारखं बोचकं घेऊन येताना पाहू नये, एवढीच त्याची इच्छा. बॅग त्याने पहिल्या वर्षाच्या शरणप्पाला न्यायला सांगितली. अक्कलकोटकडचा शरणप्पा गुणी पोरगा. त्याने चेंडू घेतले, बाटल्या घेतल्या, पट्ट्या आणि स्प्रे घेतला. जादाच्या जर्सी हॉस्टेलच्या गच्चीवर दोरीवर वाळत होत्या, हे फक्त अभिमन्यूला माहीत होतं, आणि अभिमन्यू त्या दिवशी खेळाडू होता.

जोतीराम धुतलेलं धोतर आणि कडक टोपी घालून आले. मैदानाच्या पलीकडच्या पायऱ्यांवर बसले. शेजारी सोलापुरातलाच एक हौशी माणूस बसला होता, पहिल्यांदाच बास्केटबॉल बघायला आलेला. त्याने विचारलं असणार, कारण वडील हात लांब करून बाकाकडे दाखवताना अभिमन्यूला दिसले. त्याने पाठ ताठ केली.

संघात त्या दिवशी सातच जण होते. बाकीच्यांच्या प्रॅक्टिकल परीक्षा. पाच मैदानात, अभिमन्यू आणि शरणप्पा बाकावर. दुसऱ्या क्वार्टरला एकाचा पाय मुरगळला. अभिमन्यूचे हात ट्रॅकसूटच्या चेनकडे गेले. सरांनी शरणप्पाला पाठवलं. अभिमन्यूने चेन परत वर ओढली आणि मुरगळलेल्या पायावर स्प्रे मारला. पाय सुजला तसं त्या मुलाला अंगावरच्या जर्सीतच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पलीकडे बघायचं त्याने टाळलं.

मध्यंतरात आदिनाथ त्याच्याजवळ येऊन पाणी प्यायला. आदिनाथ म्हणजे संघाचा जीव, सात नंबर, अंगापिंडाने अभिमन्यूएवढाच उंच. पण देवाने त्याला उंचीबरोबर बाकीचंही दिलं होतं. “काय अभिमन्यू, वडील आलेत म्हणे? आज शिरणार का चक्रव्यूहात?” तो हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं.

तिसरं क्वार्टर अर्धं सरलं. गुण बरोबरीत होते. म्हेत्रे सर मागे वळले आणि म्हणाले, “अभिमन्यू, काढ ट्रॅकसूट.”

तो उभा राहिला. पलीकडे वडीलही उभे राहिलेले त्याने पाहिले. शेजारच्या माणसाला ते काहीतरी सांगत होते, बोट इकडेच होतं. ट्रॅकसूट काढून त्याने घडी घालून बाकावर ठेवला. घाई असताना घडी घालायची गरज नव्हती, पण सवय वाईट. तेवढ्यात कोर्टवरून कुणीतरी ओरडलं. चेंडू वरून घेताना आदिनाथच्या नाकावर कोपर बसलं होतं. रक्ताची धार सात नंबरवरून खाली ओघळली.

कापूस घालून रक्त थांबवलं. पण रेफ्री म्हणाले, रक्ताची जर्सी चालणार नाही, बदलावी लागेल.

“जादा जर्सी कुठंयत?” सर ओरडले. शरणप्पाने कोर्टवरून धावत येऊन बॅग उलटी केली. मग सगळे, अगदी सगळे, अभिमन्यूकडे बघायला लागले, कारण जर्सी कुठे असतात ते नेहमी त्यालाच माहीत असायचं.

“गच्चीवर हायत सर,” तो म्हणाला.

 सरांची नजर आदिनाथच्या खांद्यांवर गेली, मग अभिमन्यूच्या. त्यांनी मागितली नव्हती अजून. मागितली असती की नाही, देव जाणे. पण अभिमन्यूचे हात पुढे झाले होते. मागायच्या आधी द्यायची त्या हातांना खोड लागली होती. त्याने तेरा नंबर डोक्यावरून काढला आणि आदिनाथच्या हातात दिला.

“म्हणजे हा मुलगा आता खेळणार नाही. चालेल?” रेफ्रींनी विचारलं.

“चालेल, चालेल,” सर म्हणाले. त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं.

अभिमन्यू बनियनवर बाकावर बसला. गळ्याजवळ बनियन विरलेली होती. त्याने तोच ओला टॉवेल अंगाभोवती घेतला. भर उन्हात त्याला थंडी वाजत होती. पलीकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

तेरा नंबर मग जो खेळला! दोघांच्या मधून घुसून टाकला, लांबून टाकला, पडता पडता टाकला. मैदान ‘तेरा, तेरा’ म्हणून ओरडायला लागलं. आपला नंबर इतक्या लोकांच्या तोंडी ऐकून अभिमन्यूचे डोळे भरून आले. ते आनंदाने नव्हतं.

शेवटची काही मिनिटं उरली असताना घाबऱ्या शरणप्पाचे पाच फाऊल भरले आणि तो बाहेर आला. म्हेत्रे सर गर्रकन वळले. “अभिमन्यू! ऊठ, चल!”

तो उठला. टॉवेल खांद्यावरून घसरला. सरांनी त्याच्याकडे पाहिलं, बनियनकडे पाहिलं, मग रेफ्रींकडे धावले. शरणप्पाचा नंबर बाद झालेला, सातवर रक्त, आणि या मुलाला बाहेर ठेवायला तुम्हीच हो म्हणालात. एवढं सांगून रेफ्रींनी नकाराची मान हलवली. अभिमन्यू उभाच होता. कुणीतरी त्याला “बस रे” म्हटलं, तेव्हा तो बसला.

संघ चौघांवर खेळला. आणि जिंकला.

हरला असता तर अभिमन्यूला बरं वाटलं असतं, आणि असं वाटतंय याची लाज वाटायलाही त्याच्यात त्राण उरलं नव्हतं. पाचव्याची जागा रिकामी ठेवून जिंकले. ती जागा आपली होती, आणि रिकामी राहिली तरी कुणाचं काही अडलं नाही. गुलाल उधळला गेला. पोरांनी आदिनाथला खांद्यावर घेतलं. अभिमन्यूने बाटल्या गोळा केल्या, शर्ट चढवला आणि पलीकडच्या पायऱ्यांकडे निघाला. आप्पा शिव्या देतील, विचारतील, तू आपला सदरा काढून दुसऱ्याला का दिलास. द्याव्यात, असं त्याला वाटत होतं. कुणीतरी आपल्यासाठी रागवावं.

जोतीरामांच्या भोवती चार माणसं उभी होती. तो हौशी माणूस त्यांचा हात दाबत होता. “काका, नशीब काढलं तुम्ही. काय पोरगं हाय! तेरा नंबर म्हणजे तेरा नंबर!” वडिलांच्या टोपीवर कुणीतरी गुलाल टाकला होता. ते हसत होते. अभिमन्यूने त्यांना असं हसताना फार वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग त्यांना अभिमन्यू दिसला आणि हसू जागच्या जागी थिजलं.

त्या माणसाचंही लक्ष गेलं. “अरे, तू बाकावरचा ना? काकांचा पोरगा तुमचा तेरा नंबर. बोलाव की त्याला, फोटो काढू एक.”

बापलेक एकमेकांकडे बघत राहिले. जोतीरामांच्या ओठांची हालचाल झाली. एक शब्द पुरे होता. ‘ह्योच’ म्हणायचं होतं नुसतं. त्यांनी भोवतीच्या माणसांकडे पाहिलं, आणि खाली मान घालून म्हणाले, “जा की, बोलाव त्येला.”

अभिमन्यू गेला. आदिनाथला म्हणाला, “गावाकडचे एक काका आलेत. तुझ्याबरोबर फोटो पाहिजे म्हणतात.” आदिनाथ लगेच आला, गुलालाने माखलेला, तेरा नंबर घातलेला. त्याने म्हाताऱ्याच्या पाया पडल्यासारखं केलं आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकून उभा राहिला. जोतीराम त्या हाताखाली आक्रसून गेले.

हौशी माणूस स्वतःही फोटोत शिरला आणि आपला मोबाईल त्याने अभिमन्यूच्या हातात दिला. “तू काढ रे. काकांनाही पाठवतो.”

अभिमन्यूने मोबाईल डोळ्यांसमोर धरला. मधोमध तेरा आकडा दिसत होता आणि त्याच्या बाजूला आप्पांचा चेहरा, रडायला आलेला. फोटो असा जायला नको होता. घरी आई बघेल, गाव बघेल.

“हसा की, काका,” अभिमन्यू म्हणाला.