आखाजीला बांधावर

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली की आमच्या खान्देशातल्या सासुरवाशिणींचा जीव माहेरी धावतो. यंदा माझ्या जिवाला घोर लागला होता, तो मोबाईलवरच्या एका बातमीने. केळीला आतून वाळवणारी बुरशी मातीतून पसरते म्हणे. कंदातून, कोयत्यावरून, चपलांच्या चिखलातूनसुद्धा. एकदा जमिनीत शिरली की वर्षानुवर्षं जात नाही आणि तिच्यावर औषध नाही.

नेमकी आमच्या सासरच्या बागेत काही झाडांची खालची पानं कडेने पिवळी पडत होती. "उन्हाने असेल," नवरा म्हणाला. नमुना तपासायला दिला होता, उत्तर आलं नव्हतं. घरात दुसरा विषय नव्हता. दीर सांगायचा, परदेशात जनुकं बदलून या बुरशीला दाद न देणारी केळ तयार केलीय. सासरे विचारायचे, "ती इथे येईपर्यंत आपण लावायचं काय? आणि आली तरी लोक खातील का?" घड कापणारी टोळी आज आमच्याकडे, उद्या शेजारच्या गावात. तिला अडवलं तर त्या माणसांनी पोट कसं भरायचं? तोवर चहा निवून जायचा.

माझं माहेर चोपड्याजवळ. आखाजीला लेकीने सासरचा एक कंद आणून माहेरच्या बागेत स्वतःच्या हाताने लावायचा, ही आमच्या घरची रीत. लग्नापासून कधी चुकली नव्हती. यंदा धाकट्या भावाचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, "अक्का, कंद नको आणू." ती बातमी त्याला मीच पाठवली होती, तरी मला राग आला. डोक्याला पटतं ते मनाला पटतंच असं नाही.

रिकाम्या हाताने गेले. सांजोऱ्या खाऊन भाऊ, वडील आणि मी बागेकडे निघालो. बांधावर भावाने जंतुनाशक पाण्याची बादली ठेवली होती. माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाय धोई ले, अक्का."

लेकीच्या पायांवर संशय घेतला म्हणून वडील भडकले. "पोर शे ती मनी! तिना पायले काय व्हयनं?"

"राहू द्या आबा," मी म्हटलं, "मी आठेच बसस."

बांधाबाहेरच्या निंबाखाली बसले. गेल्या आखाजीला मी लावलेल्या कंदाचं झाड तिथून दिसत होतं, माझ्याहून उंच झालेलं. त्याची पानं लांबूनच निरखत राहिले. हिरवी होती. पण तो कंदही त्याच मातीतून आला होता, आणि आज हिरवी आहेत म्हणून उद्याचं कोण सांगणार?

आबा येऊन शेजारी मातीत बसले. माझी चप्पल त्यांच्या पायाशी होती. पाठीवर हात ठेवून नातवंडांचं विचारत राहिले, बुरशीचं नाव काढलं नाही.

मग ठिबकचा कॉक फिरवायची वेळ झाली. ते उठले, बांधापाशी थांबले, बादलीकडे बघितलं. आबांनी धोतर वर धरलं, एक पाय पाण्यात बुडवला, मग दुसरा.

माझ्याशेजारी बसून आले होते ना.