आत्याबाईंच्या तव्याखालच्या नूडल्स

गेल्या रविवारी जालन्यात, आमच्या घरी, माझ्या हातून नूडल्स करपल्या... आणि बरं झालं करपल्या. कसं ते सांगते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्या दिवशी दुपारी गावी, वाटूरला परत निघाल्या होत्या. मामंजी गेल्यावर आम्हीच त्यांना एमआयडीसीजवळच्या आमच्या दोन खोल्यांत आणलं, त्याला चार महिने झाले. आता म्हणे इथं करमत नाही. वाटूरच्या घरात दुसरं कोणी नाही, त्यांचे गुडघे दुखतात, पायरी चढताना भिंत धरावी लागते... पण शनिवारीच पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

खरं सांगू? मला रागच आला होता. काय कमी केलं मी? सकाळी उठल्या की हातात चहा, वेळेवर जेवण, कपड्यांनासुद्धा हात लावू दिला नाही. किचनकडे वळल्या की मीच म्हणायची, तुम्ही बसा आत्याबाई, आराम करा. जन्मभर राबलेलं माणूस, आता तरी बसू द्यावं की नाही?

तर रविवारी आमच्या लेकीने, आर्याने हट्ट धरला. आजी जायच्या आधी तिला काहीतरी भारी खाऊ घालायचं. मोबाईलवर व्हिडिओ शोधून तयारच होती, नूडल्सचा कॅसरोल, म्हणजे वर चीज घालून भाजलेल्या नूडल्स. महिनाअखेर, पनीर-बिनीर काही नाही... पण नूडल्सची चार पाकिटं होती, दोन गाजरं, एक सिमला मिरची आणि तिच्या डब्यासाठी आणलेले चीजचे दोन क्यूब. म्हटलं चला, अर्ध्या तासाचं काम.

नूडल्स अर्धवट शिजवल्या, कांदा-गाजर-मिरची परतून पाकिटातला मसाला घातला. क्रीमच्या जागी थोडी कणीक तुपात भाजून त्यात दूध ओतलं, झालं क्रीम. सगळं केकच्या डब्यात भरून वर चीज किसलं आणि चहाबरोबर खायचे टोस्ट चुरून पसरले. आमच्याकडे ओव्हन कुठला... डबा कढईत ठेवला, झाकण घातलं आणि गॅस मोठा केला. तीनची गाडी होती ना.

अति घाई संकटात नेई, असं रस्त्यावरच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं. ते उगाच नसतं.

वीस मिनिटांनी करपल्याचा वास. झाकण काढलं तर बुडाला काळं आणि वर चीज पांढरंच्या पांढरं, टोस्टचा नुसता लगदा. आर्याचा चेहरा एवढासा झाला. मी गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिले... डोळ्यांत पाणीच आलं. नूडल्ससाठी नाही हो. आत्याबाई जाणार, आणि जाताना त्यांना साधा एक पदार्थ मला धड करून घालता आला नाही, हे मनाला लागलं.

“वरून जाळ कुठाय ह्याला?”

मागे आत्याबाई उभ्या. सवयीने मी म्हणणारच होते, तुम्ही बसा. पण तोवर त्या ओट्याशी आल्यासुद्धा.

त्या डब्यात डोकावल्या. “शेतात रोडगे भाजतो आपण, तव्हा गवऱ्याचा इस्तू खाली बी असतो अन् वर बी. नुसता बुडाला जाळ देऊन भाजत असतंय का कुठं?” कणकेचे ते रोडगे मी शंभरदा खाल्लेत. पण डोक्यात काही आलं नाही माझ्या.

मग त्या दाराशी गेल्या, खाली बसल्या आणि पिशवी उघडली. दोन लुगडी काढली, औषधं काढली आणि तळातून फडक्यात गुंडाळलेला लोखंडी तवा काढला. वाटूरहून आणलेला त्यांचा भाकरीचा तवा. माझा नॉनस्टिक असल्यामुळे तो चार महिने ओट्याखाली पडून होता. तो त्यांनी सोबत बांधून घेतलाय, हे मला माहीतसुद्धा नव्हतं.

बारीक गॅसवर माझा तवा, त्यावर डबा. दुसऱ्या शेगडीवर त्यांचा तवा लालबुंद व्हायचा बाकी राहिला एवढा तापवला आणि डब्यावर उपडा टाकला. तवा निवायला लागला की उतरवायचा, तापवायचा, परत टाकायचा. तीनदा केलं. गुडघ्यांची तक्रार नाही, काही नाही.

तवा तापवता तापवताच त्या मला म्हणाल्या, “सविता, चार महिने पाहुण्यावानी बसून राह्यले बघ मी. घरच्या बाईला कुणी रोज बस म्हणतं का गं?”

रागाने नाही म्हणाल्या. इतके दिवस मी त्यांना मान देत होते आणि त्यांना वाटत होतं, या घरात आपलं काही काम नाही.

डबा उघडला तर वरचं चीज सोनेरी, टोस्ट कुरकुरीत. आर्या नाचायचीच बाकी होती. आत्याबाईंनी त्या ‘शेवया’ दोनदा वाढून घेतल्या आणि बुडाची करपलेली खरवडही मागून घेतली, म्हणे मला आवडते.

अडीचला आमचे हे मिलमधून आले, आईची पिशवी उचलायला वाकले. आत्याबाई भांडी घासत होत्या. मी घासू देत होते.

“राहू दे बाबा,” त्या म्हणाल्या. “तवा गरम हाय अजून. निवला की जाते.”

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना पाण्याचा ग्लास दिला.

आज आठ दिवस झाले. सकाळी भाकरी, संध्याकाळी भाकरी, सगळ्या त्याच तव्यावर आणि सगळ्या आत्याबाईंच्या हातच्या. तव्याला निवायला वेळच नाही. पिशवी कधी रिकामी झाली ते मला कळलंच नाही, काल मी तीच घेऊन भाजी आणली.

आत्याबाई, हे तुम्हाला आर्या वाचून दाखवेल. तोंडावर म्हणायला मला जमत नाही, म्हणून इथं लिहिते... तुम्ही राहिलात, फार बरं वाटलं.